तालमीचा बोनस किती द्यायचा? ऑनलाइन रोलप्लेइंग खेळ उभा करणाऱ्या नव्या मंडळींसाठी

उदगीरच्या एका पोरानं मित्रांना घेऊन मजकुरावर चालणारा छोटा रोलप्लेइंग खेळ, म्हणजे ज्यात प्रत्येक जण एक पात्र चालवतो असा खेळ, सुरू केलाय. चाळीसेक जण खेळतात. त्याचा मला मेसेज आला : "दादा, तालमीला बोनस दिला की म्हणायलेत खेळ लै सोपा झाला. नाही दिला की कोणी येईनात. किती देऊ?"

याला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. पण आकडा कसा काढायचा, हे सांगता येतं. आम्ही पाच-सहा जण काही वर्षांपासून असाच एक खेळ चालवतो. यादवांच्या काळातला देवगिरी, पैठण, तेर हा त्याचा मुलूख. पात्रं तालमीत घाम गाळतात, वस्तादाकडं डाव शिकतात, बाजारात भाव करतात. तालमीतून अनुभव गुण मिळतात, ते साठले की पात्र वरच्या लेव्हलला जातं; बोनस म्हणजे या गुणांवर मिळणारी वाढ. बोनसच्या बाबतीत आम्ही चुकलोही भरपूर आणि त्या चुका खेळणाऱ्यांना भोगाव्या लागल्या. तुमच्या खेळणाऱ्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. बोनस मागं राहिलेल्याला हात देण्यासाठी असतो. जो आधीच पुढं आहे त्याला आणखी पुढं ढकलणारा बोनस खेळ रिकामा करतो. आकडे टाकताना प्रत्येक वेळी विचारा, हा बोनस नेमका कोणाच्या पदरात पडतोय?

पहिली पायरी : बोनस विसरा, तास मोजा

नवखे लोक सुरुवातच "गुरूचे ५० टक्के, तालमीचे २५ टक्के" अशी करतात. कशाचे ५० टक्के, ते ठरलेलंच नसतं. आधी बिनबोनसचा रस्ता आखा. रोज एक तास खेळणारं साधं पात्र शेवटच्या लेव्हलला किती दिवसांत पोचावं? आम्ही तीन महिने धरले, म्हणजे ९० तास. तालमीत मिनिटाला १० अनुभव गुण, म्हणजे तासाला ६०० आणि ९० तासांत ५४,०००. हा आमचा पाया. पुढं जे काही वाढवलं-घटवलं, ते सगळं या ९० तासांशी ताडून पाहिलं.

आता हे ५४,००० लेव्हलींमध्ये वाटायचे. सारखे वाटले तर शेवटची लेव्हल पहिलीइतकीच स्वस्त होते आणि चढाईची मजा जाते. इथं रुनस्केप या ऑनलाइन खेळाचं कोष्टक पाहण्यासारखं आहे. त्यात एका कौशल्याची ९९ वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ९२ वी गाठायला ६५,१७,२५३. म्हणजे ९२ ला पोचलेला माणूस जेमतेम निम्म्या वाटेवर असतो. दर सात लेव्हलींना लागणारे गुण साधारण दुप्पट होतात, असा त्यामागचा हिशोब. म्हणजे दर लेव्हलीला सुमारे १० टक्क्यांची चढण.

लहान खेळाला इतका उंच डोंगर नको. पण चढण किती आहे हे माहीत असल्याशिवाय बोनस ठरवू नका, कारण एकाच २० टक्क्यांची किंमत खालच्या आणि वरच्या लेव्हलीला वेगळी असते. खाली त्या २० टक्क्यांनी पाच मिनिटं वाचतात, वर दोन-दोन दिवस.

दुसरी पायरी : खेळणारे कोण आहेत ते कागदावर मांडा

ही पायरी सगळे वगळतात. आम्हीही वगळली होती. नंतर एकेकाशी बोललो तेव्हा तीन तऱ्हेचे लोक दिसले.

पहिली, लातूरला नीटची तयारी करणारी मुलगी. होस्टेलवर मोबाइल रविवारीच हातात येतो. आठवड्याला तीन तास.

दुसरा, छत्रपती संभाजीनगरातला मुलगा. घरी फायबरची लाईन, कॉलेज दुपारी संपतं. आठवड्याला तीसेक तास सहज.

तिसरा, केजकडचा. दिवाळी झाली की घरच्यांबरोबर ऊसतोडीला जातो आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतो. चार-पाच महिने त्याचं पात्र जागेवरून हलत नाही. गावी असतो तेव्हाही शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की रात्रभर पाण्यावर. एकदा त्यानं लिहिलं होतं, "रातीला दारं धरायला गेल्तो, इव्हेंट हुकला."

तुमच्याकडचे तिघं वेगळे असतील. परभणीचा दुकानदार असेल, पुण्याला नोकरीला गेलेली नांदेडची पोरगी असेल. पण तीन ठसठशीत माणसं समोर मांडा आणि आठवड्याचे तास लिहा. आमच्याकडं पहिलीचे ३ आणि दुसऱ्याचे ३०, दहापट अंतर. हे पूर्ण मिटवायचं नाही. जो जास्त खेळतो तो पुढं जाणारच आणि जायलाही हवा. मात्र रविवारी आलेल्या मुलीला मित्रांबरोबर एकाच मोहिमेवर जाता आलं पाहिजे, इतकं तरी ते कमी करायला हवं.

तिसरी पायरी : गुणाकार नको, बेरीज करा

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्या खेळात चार बोनस होते. वस्तादाचे ५० टक्के, तालमीच्या जागेचे २५ टक्के, खुराकाचे २० टक्के. शिवाय सणाला किंवा खास दिवशी १०० टक्के, म्हणजे दुप्पट. चारही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी घातले होते. प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर बरोबरच वाटायचा. कोडमध्ये मात्र प्रत्येकानं आधीच्या उत्तराला आपल्या आकड्यानं गुणलं होतं.

एका वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला जोडून आम्ही तीन दिवस दुप्पट गुण ठेवले. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मी नोंदी उघडल्या. एका पात्रासमोर मिनिटाला ४५ दिसत होते. १० च्या जागी ४५! आधी वाटलं त्यानं काही खोडी केली. मग कागदावर मांडलं : दीड गुणिले सव्वा म्हणजे १.८७५. त्याची दुप्पट ३.७५. त्यावर खुराकाचे १.२ लावले की बरोबर ४.५. त्यानं काहीच केलं नव्हतं. आम्हीच दिलेले चार बोनस त्यानं एकावेळी घेतले होते, एवढंच. तीन महिन्यांचा ९० तासांचा रस्ता २० तासांवर आला होता. रविवार उजाडायच्या आत चार जण टोकाला पोचले होते.

तेच चार बोनस बेरजेनं धरले असते तर ५०, २५, २० आणि १०० मिळून १९५ टक्के झाले असते. मूळ धरून २.९५ पट. तेही जास्तच आहे, पण ४.५ आणि २.९५ मधला फरक बघा. शिवाय नवा बोनस घातला की गुणाकारात जुने सगळे आपोआप फुगतात. उद्या कोणी १० टक्क्यांचा ताईत आणला की ४.५ चे ४.९५ होणार, म्हणजे तो ताईत मूळ दराच्या ४५ टक्क्यांइतका भारी पडणार. बेरजेत दहाचे दहाच राहतात.

म्हणून कोडमध्ये बोनस एकाच ठिकाणी गोळा करा. प्रत्येक बोनसनं त्या यादीत आपला टक्का टाकायचा, शेवटी एकदाच बेरीज आणि एकदाच गुणाकार. बोनसचे हिशोब चार फायलींत पसरलेले असतील तर हा लेख इथंच बाजूला ठेवा आणि आधी ते एकत्र आणा.

चौथी पायरी : वर जाताना चढण लावा

तालमीत गेलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. नवं पोरगं हौद्यात उतरलं की पहिल्या महिन्यात पन्नास जोरांनी त्याचं अंग बदलतं. वर्षानंतर तेच पन्नास जोर मारून काही होत नाही. वस्ताद खुराक वाढवतो, पण दूध दुप्पट केलं म्हणून ताकद दुप्पट होत नाही, हे त्याला माहीत असतं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचं रुस्तम-ए-हिंद म्हणून नाव झालं ते असंच, अंगावर वर्षांची मेहनत चढवून. खेळातल्या तालमीलाही हा नियम लागला तर ती खरी वाटते.

करायचं कसं? सोपं सूत्र आहे. बेरीज करून आलेल्या टक्क्याला कच्चा बोनस म्हणू. त्याला १०० नं गुणा आणि कच्चा अधिक १०० यानं भागा. उत्तर म्हणजे हातात पडणारा बोनस. कच्चा २५ असेल तर हातात २०, ५० असेल तर ३३, ९५ असेल तर ४९ आणि २०० असेल तर ६७. कितीही गोळा केलं तरी १०० च्या पुढं जात नाही. पहिल्या बोनसचा बराच भाग हातात पडतो, चौथ्या-पाचव्याचा थोडाच. नव्या माणसाला आपल्या पहिल्या वस्तादाचा फायदा लगेच जाणवतो, आणि सगळं गोळा करून बसलेला फार पुढं पळत नाही.

आमचे कायमचे तीन बोनस मिळून ९५ होतात. सूत्रातून ४९ हातात येतात आणि ९० तासांचा रस्ता साधारण ६० तासांचा होतो. हे आम्हाला पटलं. तुम्हाला जास्त ढील द्यायची असेल तर सूत्रातले १०० बदलून बघा, पण बदल कागदावर करा.

मोठ्या खेळांनीही हीच वाट धरलीय. ईव्ह ऑनलाइनमध्ये २०१६ साली एक वस्तू आली. ती वापरली की पात्राला थेट कौशल्य गुण मिळतात. पात्राचे गुण ५० लाखांच्या आत असतील तर तिच्यातून ५ लाख मिळतात, ५ कोटींपर्यंत ४ लाख, ८ कोटींपर्यंत ३ लाख आणि त्यापुढं फक्त दीड लाख. वस्तू एकच, पण घेणारा जितका मोठा तितकं त्याच्या पदरात कमी. इतक्या पायऱ्या लहान खेळाला लागत नाहीत, त्यामागचा विचार तेवढा घ्या.

पाचवी पायरी : विश्रांतीचा बोनस

माझ्या मते नव्या खेळानं आधी हाच बोनस घालावा. बाकीचे नसले तरी चालतील.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ २००४ साली आला. त्याच्या चाचणीच्या दिवसांत जास्त वेळ खेळणाऱ्याला गुण कमी मिळायचे. लोकांना ते अजिबात आवडलं नाही. मग बनवणाऱ्यांनी मांडणी उलटी केली : नेहमीचा दर तो नेहमीचा, आणि जो विश्रांती घेऊन येईल त्याला काही काळ राक्षस मारल्याचे दुप्पट गुण. हिशोबात फार फरक नव्हता, पण शिक्षेच्या जागी बक्षीस आलं आणि लोकांनी ते आनंदानं घेतलं. त्या खेळात पात्र धर्मशाळेत ठेवून बाहेर पडलं की दर आठ तासांना लेव्हलीच्या ५ टक्के इतकी विश्रांती जमा होते आणि दीड लेव्हलीला ती थांबते. म्हणजे भरायला दहा दिवस.

आमच्याकडं आम्ही मिनिटांत मोजतो. लॉगआउट असलेल्या प्रत्येक दिवसाला २० मिनिटं दुप्पट गुणांची जमा होतात. आता दुसऱ्या पायरीतली माणसं घ्या. लातूरच्या मुलीची सात दिवसांत १४० मिनिटं जमतात. रविवारच्या तीन तासांपैकी तितका वेळ तिला दुप्पट मिळतात, म्हणून तिचे ३ तास ५.३३ तासांच्या तोलाचे होतात. संभाजीनगरच्या मुलाला पण तीच १४० मिनिटं दिली तरी त्याचे ३० तास ३२.३३ होतात, बस. दहापटीचं अंतर सहापटीवर येतं. कोणाचं काही काढलं नाही, कोणाला हिणवलं नाही.

दोन गोष्टी नीट बसवा. एक, हा साठा कुठंतरी भरला पाहिजे. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून जातं, तसं. आम्ही १४ दिवसांवर थांबवलं, म्हणजे २८० मिनिटं. थांबवलं नाही तर लोक दहा पात्रं काढून नुसती झोपवून ठेवतात. दोन, हे दुप्पट गुण मूळ दरावर द्या, चौथ्या पायरीच्या सूत्रात घालू नका. तिथं घातले तर ज्याच्याकडं वस्ताद आणि खुराक आहे त्याला विश्रांतीचा फायदाच होणार नाही आणि तो तक्रार करेल, बरोबरच करेल. मोजून मिळणारा बोनस वेगळा ठेवावा, कायमचा वेगळा.

सहावी पायरी : लांब गेलेल्याला परत कसं घ्यायचं

केजचा मुलगा मार्चच्या शेवटी परत येतो. विश्रांतीचा साठा १४ दिवसांवर थांबलाय, म्हणजे त्याच्या हातात पावणेपाच तासांच्या आत दुप्पट गुण. पाच महिन्यांपूर्वी बरोबरीनं खेळणारे मित्र आता कितीतरी वर गेलेत. त्याच्यासाठी साठ्याची मर्यादा काढावी, असं आम्हालाही वाटलं होतं. काढली असती तर १५० दिवसांची ५० तास दुप्पट मिळाली असती. ती त्याच्यापेक्षा पात्रं झोपवून ठेवणाऱ्यांच्याच कामी आली असती.

मग गैरहजेरीऐवजी अंतर मोजायला लागलो. गेल्या ३० दिवसांत खेळलेल्या सगळ्यांना लेव्हलीप्रमाणे रांगेत उभं करा आणि बरोबर मधल्याची लेव्हल घ्या. सरासरी घेऊ नका, टोकाला गेलेले दोघं-तिघं तिला वर ओढतात. आता मधल्यापेक्षा जो जितक्या लेव्हली खाली, त्याला दर लेव्हलीला ५ टक्के, जास्तीत जास्त ५०. सहा लेव्हली खाली असेल तर ३० टक्के. जसा वर येईल तसा बोनस आपोआप घटत जातो आणि मधल्याला गाठलं की संपतो. कुठं बंद करावा हा प्रश्नच उरत नाही.

हाही बोनस मूळ दरावर, सूत्राच्या बाहेर. आणि एका माणसाच्या सगळ्यात वरच्या पात्रालाच द्या. नाहीतर मुरलेला खेळाडू नवं पात्र काढून याच पायवाटेनं वर येतो.

हा बोनस लागू केल्यावर जुने खेळाडू कुरकुरतील, असं आम्हाला वाटलं होतं. तसं झालं नाही. मोहिमेला माणसं मिळायला लागली, हेच त्यांना हवं होतं.

सातवी पायरी : जन्माचे बोनस आणि स्टॅट (बळ, चपळाई अशा पात्राच्या क्षमता)

इथं गडबड दिसत नाही, म्हणून ती जास्त दिवस टिकते.

पात्र बनवताना खेळाडूला दोन घराणी दाखवलीत असं समजा. मल्लाच्या घरच्याला सुरुवातीलाच १० बळ जास्त. शेतकऱ्याच्या घरच्याला तालमीत १० टक्के बळ जास्त. समान वाटतं ना? मूळ तालमीतून ६० बळ कमावलं तेव्हा मल्लाचे ७० आणि शेतकऱ्याचे ६६. १०० ला दोघं ११० वर बरोबर. २०० ला मल्ल २१० आणि शेतकरी २२०. म्हणजे तुमच्या खेळात बळ शंभराच्या खालीच संपत असेल तर शेतकऱ्याचं घराणं घेणारा कायम तोट्यात, आणि दोनशेपर्यंत जात असेल तर मल्ल तोट्यात. एकरकमी आकड्याला टक्क्यानं भागा, बरोबरीचा बिंदू निघतो. १० भागिले ०.१० म्हणजे १००. तो बिंदू स्टॅटच्या कमाल मर्यादेच्या साधारण मध्यावर यावा.

दुसरं, सगळे स्टॅट एकाच पात्राला पूर्ण करता येऊ देऊ नका. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइन या खेळानं ही सोय सुंदर केली होती. कोणतंही कौशल्य १०० पर्यंत, पण सगळी मिळून ७०० च. सात कौशल्यं पूर्ण, की आठवं हवं असेल तर एखादं खाली आणायचं. यामुळं तालमीचा बोनस कितीही असला तरी तो पात्राला लवकर पोचवतो, पण दुसऱ्यापेक्षा मोठं करत नाही. लहान खेळाला याच्यापेक्षा मोठा आधार नाही. आम्ही बळ, चपळाई, दम आणि बुद्धी या चारांना मिळून अशीच एक मर्यादा लावली आणि वस्तादांवरून होणारे निम्मे वाद तिथंच मिटले.

वस्तादांचं म्हणाल तर प्रत्येक वस्तादाला काहीतरी सोडायला लावा. मातीतल्या कुस्तीचा वस्ताद बळाला ५० टक्के देत असेल तर त्याच्याकडं असताना बुद्धीची तालीम बंद. ज्या वस्तादाकडं सगळेच जातात तो वस्ताद चुकीचा बेतलाय, असं धरून चाला.

आठवी पायरी : सणाचे बोनस

थोडक्यात सांगतो. ठरावीक तासांचा इव्हेंट ठेवू नका. शनिवारी रात्री आठ ते दहा दुप्पट म्हटलं की ज्याची लाईट आठला गेली त्याचं सगळं गेलं. त्याऐवजी प्रत्येकाला तीन तास दुप्पट द्या आणि ते सात दिवसांत कधीही वापरू द्या. खर्च तितकाच, पण पाणी देऊन पहाटे घरी आलेल्यालाही ते मिळतं. हे वापरत असताना विश्रांतीचे मात्र चालू ठेवू नका. एकावेळी दोन्हींपैकी एकच.

आणि पंचांग बघा. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडचं अर्धं गाव रानात असतं, कोपीपाशी आंबील आणि भज्जीच्या पंगती बसलेल्या असतात. त्या दिवशी आम्ही एकदा मोहीम ठेवली आणि आले फक्त शहरातले. माळेगावची जत्रा तर नांदेडकडच्या पोरांना कित्येक दिवस ओढून नेते. या दिवसांत बोनस ठेवायचाच असेल तर परत आल्यावर वापरता येईल असा ठेवा.

नववी पायरी : चालू करण्याआधी गोणी सोडून बघा

देवगिरीच्या १२९६ च्या वेढ्याची कथा इकडं सगळ्यांना ठाऊक आहे. अलाउद्दीन खलजी खाली बसलेला आणि किल्ल्यावर धान्याच्या म्हणून चढवलेल्या गोण्या उघडल्या तर आत मीठ निघालं. किल्ला अभेद्य होता, गोण्या कोणी सोडून पाहिल्या नव्हत्या. बोनसचं कोष्टक बरोबर दिसतं, पण कोड काय देतोय हे चालवल्याशिवाय कळत नाही.

आधी स्प्रेडशीट करा. उभ्या रांगेत आठवडे, एक ते बारा. आडव्या रांगेत तुमची तीन माणसं. प्रत्येक घरात त्या आठवड्याअखेरची लेव्हल. एक आकडा बदलला की तिघांचे रस्ते लगेच दिसतात. मग तीन नकली पात्रं बनवून स्क्रिप्टनं बारा आठवड्यांचा खेळ वेगात चालवा आणि शीटशी ताडून बघा. फरक पडला तर कोडमध्ये कुठंतरी गुणाकार लपलाय. आमच्याकडं दोनदा सापडला. एकदा तर विश्रांतीचे गुण मिळाले की खुराक पुन्हा लागत होता.

शेवटी सगळ्यात वाईट पात्र बनवा. असतील नसतील ते सगळे बोनस एकाच वेळी त्याच्या अंगावर चढवा आणि दर मिनिटाला किती गुण मिळतात ते बघा. आमचं सध्या तिथं २९.९ येतं. कायमच्या बोनसचे ४९, विश्रांती किंवा सण यांपैकी एकाचे १००, आणि खाली असलेल्याचे ५०, मिळून मूळ दराच्या तिप्पटीच्या जरा खाली. आणि हे फक्त मागं राहिलेल्याला, थोड्या वेळासाठी. तुमची वरची हद्द तुम्ही ठरवा, पण ती एका ओळीत लिहिलेली असू द्या. नवा बोनस आला की ही एक चाचणी पुन्हा चालली पाहिजे.

चालू झाल्यावर

पहिले दोन आठवडे हात लावू नका. लोकांना वाट कळायला तितका वेळ लागतो. नंतर दोन आकडे बघा, मधल्या खेळाडूची लेव्हल आणि सगळ्यात वरच्या दहा जणांची. वरचे पळतायत आणि मधला थांबलाय, तर कायमचे बोनस जास्त झालेत. मधलाही पळतोय, तर पाया सैल आहे. एकावेळी एकच आकडा बदला. दोन बदलले तर कशानं काय झालं ते कळत नाही.

बदल तीन दिवस आधी सांगा, आकड्यासकट. "तालमीत सुधारणा केली आहे" असं लिहू नका. "तालमीच्या जागेचा बोनस २५ वरून २० होतोय, शुक्रवारी रात्री १२ पासून" असं लिहा. का करतोय तेही दोन ओळींत.

आणि दिलेलं परत घेऊ नका. त्या १७ सप्टेंबरच्या रविवारी आम्ही घाबरून चौघांच्या लेव्हली उतरवल्या. चूक आमची होती आणि किंमत त्यांनी मोजली. त्यांतली एक मुलगी दोन रात्री जागली होती. तिनं एवढंच लिहिलं, "आम्ही काय चोरी केली का?" आणि लॉगआउट झाली. लेव्हली पुन्हा चढवून आम्ही माफी मागितली, तोवर दोघं कायमचे निघून गेले होते. चार जण वर राहिले असते तर खेळाचं काही बिघडणार नव्हतं, त्यांच्यासाठी वरच्या दोन मोहिमा लिहाव्या लागल्या असत्या, एवढंच. त्या मोहिमा आम्ही नंतर लिहिल्याच. ती मुलगी दिवाळीनंतर परत आली तेव्हा त्यांतल्या पहिल्या मोहिमेवर तीच सगळ्यात आधी गेली.